विहिरीचा फोन

माझा स्वभाव तापट आणि माझा भाऊ हुशार. एका घरात ही दोन्ही माणसं असली की शांतता म्हणून राहत नाही.

त्या दुष्काळाच्या वर्षांत मी औरंगपुऱ्यातल्या एका वर्तमानपत्राच्या कचेरीत तंत्रज्ञानाचं साप्ताहिक पान लावत होते. शहर चारी बाजूंनी वाढत होतं. हर्सूलच्या पुढं मी घर घेतलं होतं, तिथं रस्ते आले होते, दिवे आले होते, फक्त नळ आला नव्हता. भाऊ वाळूजच्या एका कारखान्यात सुपरवायझर होता. आबा आणि माय मात्र पिशोरजवळच्या आमच्या गावीच राहिले. तिथं थोडं शेत, त्यात अद्रक, आणि अद्रकीला एका विहिरीचं पाणी.

त्या विहिरीवर भावानं मोबाईल स्टार्टर बसवला. म्हणजे मोटरच्या पेटीत एक सिमकार्ड. शहरातून त्या नंबरवर फोन लावायचा, की पेटीतली बाई सांगते, मोटर चालू करायला एक दाबा, बंद करायला दोन. शेताला रात्रीची लाईट असली की माणसाला विंचूकाट्यातून उठून जावं लागतं, तो त्रास यानं वाचतो. वस्तू चांगली, त्याबद्दल माझी तक्रार नाही. पण भावानं त्यात फक्त स्वतःचा नंबर नोंदवला. मोटर ऑटोवर टाकली, म्हणजे लाईट आली की ती आपोआप सुरू. वर पेटीला कुलूप लावलं आणि किल्ली वाळूजला घेऊन आला.

याला कारण आबा. आमच्या घरात आजोबांपर्यंत मेंढरं होती. मेंढरं गेली, पण एक रीत राहिली: तहानलेला कळप विहिरीवरून तसाच पाठवायचा नाही. त्या वर्षी मेंढपाळ कुठून कुठून यायचे आणि आबा मोटर लावून त्यांना हौद भरून द्यायचे. अद्रक पिवळी पडायला लागली तसा भाऊ भडकला.

"आबा, पीक जगवायचंय का लोकांची मेंढरं?"

"दोन्ही," आबा म्हणाले.

त्यानंतर कुलूप आलं. आबांनी वाद घातला नाही. माळ्यावरचा जुना पोहरा काढला, त्याला दोर बांधला आणि हातानं पाणी शेंदायला लागले.

भांडले ती मी. त्याच आठवड्यात मी एक बातमी मराठीत आणत होते. परदेशातले शेतकरी आपल्याच ट्रॅक्टरच्या कॉम्प्युटरला कंपनीनं घातलेलं कुलूप उघडायचा हक्क मागत होते. वस्तू ज्यानं विकत घेतली त्याची, की लांब बसून जो ती बंद पाडू शकतो त्याची? मी भावाला तो सगळा मजकूर वाचून दाखवला.

"मी काय कंपनी आहे का? मी त्यांचा मुलगा आहे," तो म्हणाला.

"वाळूजला बसून पिशोरची विहीर चालवतोस. याला उंटावरून शेळ्या हाकणं म्हणतात."

तो चहा अर्धा टाकून उठला. पुढं बरेच दिवस आम्ही कामापुरतं बोललो.

मग ती एप्रिलमधली दुपार. कचेरीत वीज कंपनीचं पत्रक आलं. आमच्या भागातल्या शेतीच्या लाईटच्या पाळ्या बदलल्या होत्या, रात्रीची लाईट आता दुपारी येणार होती, आणि तीही आजपासूनच. बातमी उद्याच्या अंकात छापली जाणार होती. घरी आधीच कळावं म्हणून मी मायला फोन केला.

"आबांना सांग, आज लाईट दुपारीच येणार आहे."

"ते तर हिरीत उतरलेत, बाई," माय म्हणाली. "गाळ काढायलेत. लाईट रातची हाय म्हनून दिवसा उतरले."

मोटर पाण्यातली. तिच्या केबलला दोन ठिकाणी जोड, त्यांवर नुसती चिकटपट्टी. आबा त्याच पाण्यात उभे. लाईट आली की मोटर लागणार, आणि जोडातून करंट उतरला तर माणूस जागेवर जातो. असल्या बातम्या आमच्याकडे दर उन्हाळ्यात येतात. आतल्या पानावर, चार ओळींत.

"माय, कुणाला तरी पळव. त्यांना वर काढा."

"आज बाजार हाय. गल्लीत कोनी नाय. मीच जाते." तिचे गुडघे धरलेले आणि विहीर गावाबाहेर बरीच लांब.

आबांकडे फोन नव्हता. एका घरात दोन फोन कशाला, असं त्यांचं म्हणणं. विहिरीपाशी एकच फोन होता, तो मोटरचा. मी तो लावला. लगेच उचलला गेला.

"हा नंबर नोंदवलेला नाही. तुम्हाला परवानगी नाही."

आवाज गोड होता. मी पुन्हा लावला, पुन्हा तेच. माझा बाप त्या पेटीच्या खाली चिखलात उभा होता आणि मला परवानगी नव्हती. मी त्या बाईला शिव्या दिल्या. अख्खी कचेरी माझ्याकडे बघायला लागली.

भावाचा फोन लागणं शक्य नव्हतं. पाळीवर जाताना त्यांचे फोन गेटवर जमा होतात. वहिनीकडून गेटचा नंबर घेतला आणि कचेरीच्या फोनवरून लावला.

"मॅडम, ड्यूटी पे हैं। नहीं बुला सकते," रखवालदार म्हणाला.

"कुएँ में आपके वालिद होते, तो?" मी विचारलं.

तो म्हणाला, "होल्ड करो।"

भाऊ पळत आला असावा, त्याला धाप लागली होती. मी दोन वाक्यांत सांगितलं. त्यानं गेटचा फोन कानाला तसाच ठेवला आणि स्वतःच्या मोबाईलवरून विहिरीला फोन लावला. पेटीतल्या बाईचा आवाज मलाही ऐकू आला.

"मोटर चालू आहे."

त्यानं बटण दाबलं. "बंद केली," तो म्हणाला. "कधीपासून चालू होती गं?" मला कुठून माहीत असणार. माझ्या मोबाईलवरून लावलेला मायचा फोन नुसता वाजत होता. आम्ही दोघं दोन टोकांना फोन धरून उभे होतो. इतकी भीती मला त्याआधी कधी वाटली नव्हती.

मग मायचाच फोन आला.

"वर हायेत," ती म्हणाली. "मेंढरं पाजायलेत."

एक मेंढपाळ कळप घेऊन आला होता. त्यानं काठावरून हाक मारली, बाबा, पानी मिळंल का? आबा गाळाची पाटी तशीच खाली टाकून वर आले. पोहरा सोडला, आणि ते पाणी शेंदत असताना खाली मोटर घरघरायला लागली.

मी हे भावाला सांगितलं.

"मेंढरं?" त्यानं विचारलं. मग तो रडायला लागला. गेटवर, रखवालदारासमोर, माझा हुशार भाऊ.

रविवारी आम्ही दोघंही गावी गेलो. भावानं नवी केबल आणली होती. त्यानं कुलूप काढलं, पेटी उघडली, ऑटो बंद केलं, सिमकार्ड बाहेर काढलं आणि आपल्या जुन्या फोनमध्ये घालून, त्यात आम्हा दोघांचे नंबर टाकून तो फोन आबांच्या हातात दिला. किल्लीही दिली. तेवढ्यात मी मायला त्या पेटीतल्या बाईची नक्कल करून दाखवत होते. आबा ऐकत होते.

"आन् मोटर?" त्यांनी विचारलं.

"तुमच्या हातानं लावा," भाऊ म्हणाला. आबांनी फोन उलटासुलटा केला आणि सदऱ्याच्या खिशात ठेवला.

तो नंबर माझ्याकडे 'मोटर' या नावानंच होता. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी, टँकरची वाट बघत उभी असताना, मी तो लावून पाहिला. बराच वेळ वाजला. मग पलीकडून एक जाडाभरडा आवाज सावकाश म्हणाला, "हा नंबर नोंदवलेला नाय. तुमाला परवानगी नाय."

मागं मेंढरं ओरडत होती.

"बोल, बाई," आबा म्हणाले. "हिरीवरच हाय मी."