ताईच्या घराचा स्लॅब

शहाण्णव साली मी पुलगावात घरांचे नकाशे काढून द्यायचो. स्लॅबची घरं बांधणारा म्हणून नाव व्हावं, ही हाव होती. दाखवायला नमुना मात्र नव्हता. म्हणून आर्वीला एकटी राहणाऱ्या माझ्या विधवा बहिणीचं मातीच्या भिंतींचं, कवेलूचं म्हणजे कौलांच्या छपराचं घर मी पाडायला लावलं.

ताई घरीच ब्लाउज शिवायची, त्यावरच तिचं भागायचं. ती म्हणाली, "काऊन पाडून राह्यला रे? कवेलू फेरून दे, बस. भर उन्हाळ्यात इथं बसून शिवतो न मी."

"इंजिनिअरची बहीण मातीच्या घरात राह्यते, लोक हसतात मले."

"त्याइले सांगजो, बहीण येडी हाय."

ती हसली, आणि आठ दिवसांनी हो म्हणाली.

खर्च वाचावा म्हणून मी छत बुटकं ठेवलं. पश्चिमेला मोठी काचेची खिडकी काढली, कारण ती रस्त्यावरून छान दिसायची. स्लॅब किती तापतो हे मी शिकलो होतो. तिला सांगितलं नाही.

पहिल्याच मे महिन्यात दुपारची शिलाई बंद पडली. पंखा गरम हवा फेकायचा, घामाचे डाग गिऱ्हाइकांच्या कापडावर पडायचे. मी कूलर आणून दिला. पुढे भारनियमन आलं आणि नेमकी दुपारची वीज जाऊ लागली. तेव्हा ताईनं मशीन शेजारणीच्या कवेलूच्या ओसरीत नेलं. मी मात्र लोकांना ते घर दाखवायला हिवाळ्यातच न्यायचो.

ताईच्या घराचा थाट पाहून शेजारणीनंही आपलं कवेलूचं घर पाडून स्लॅबचं बांधलं. नकाशा माझाच होता. ताईची ओसरी गेली, उन्हाळ्यातलं शिवणही गेलं.

काही वर्षांनी कोळशाच्या धुरावर कर लावावा, अशी चर्चा पेपरात आली. मी तिला मोठ्यानं वाचून दाखवलं. कोळशावर बनणारं सिमेंट महागेल, वीज महागेल, मग लोक विचार करून घरं बांधतील.

"हे झालं नव्या घराइचं," ताई म्हणाली. "ज्याइचं बांधून झालं, त्याइनं काय करावं?"

मे महिन्याची दुपार होती. जुन्या घरात दर उन्हाळ्यात त्या वेळी ताईच्या पायाखाली असायचं ते मशीन कोपऱ्यात कापड घालून झाकलेलं होतं. मी पेपराची घडी घातली. माझ्या पिशवीत त्या दिवशी दोन नवे नकाशे होते, दोन्ही बुटक्या स्लॅबचे. संध्याकाळी ते मी ज्याचे त्याला पोचवले.