राजांच्या गर्दीत एक कारकून

माझ्या मुलीच्या शाळेत ‘स्पिरिट वीक’ साजरा होतो. आठवडाभर रोज नवा वेश आणि शेवटच्या संध्याकाळी नाच. यंदा नाचाचा विषय होता ‘राजदरबार’. मुलीला राणी व्हायचं होतं, पण फ्रीगंज बाजारात भाड्याने पोशाख देणाऱ्या दुकानातले मुकुट आधीच संपलेले.

सासरे तिला म्हणाले, “आपण राजे कधी होतो? दरबारात कारकून होतो. तूही तेच हो.” राजे येत-जात असत आणि राज्य मात्र आमचंच घराणं चालवत असे, असा त्यांचा सूर होता.

“आजोबा, सगळे मज़ाक उडवतील. कारकुनासोबत कोण नाचणार?”

शेवटी नाइलाजाने ती धोतर नेसून, आजोबांनी बांधलेली पगडी घालून, कानावर बोरू खोचून गेली.

हॉलच्या दारातून मी पाहिलं, तर आत सगळेच राजे आणि राण्या होते. प्रजा औषधालाही नव्हती. गाणं सुरू झालं तरी कोणी जागचं हलेना. राजे एका हाताने मुकुट सावरत होते, दुसऱ्याने तलवार. राण्यांच्या पायांत घागरे अडकत होते. थोडा वेळ वाट पाहून आमचा कारकून एकटाच नाचू लागला. मग एका राणीने मुकुट काढून खुर्चीवर ठेवला आणि ती त्याच्या शेजारी जाऊन उभी राहिली. बघता बघता भिंतीकडेच्या खुर्च्या मुकुटांनी भरल्या.

परतताना रिक्षात मुलगी पगडी काढायला तयार नव्हती.

“आजोबांना सांगू नकोस हं,” ती म्हणाली, “उगाच भाव खातील.”