कानाशी धरलेला फिल्टर

ऑइल फिल्टर खोक्यातून काढला की काका तो आधी कानाशी धरायचे. डोळे मिटायचे, हलकेच हलवायचे आणि दुकानातल्या सगळ्यांना हातानेच गप्प करून विचारायचे, "आवाज कशाचा येतोय?"

आवाज कशाचाच येत नसायचा. आलाच तर बाहेरच्या रिक्षांचा यायचा. पण त्यांनी असं विचारलं की माझ्यासारख्या दुकानदारालाही उगाच वाटायचं, आत काहीतरी सुटलंय. तुम्हीही असा एखादा माणूस पाहिला असेल. तो दुधाची पिशवी उजेडात धरून बघतो, औषधाच्या पाकिटावरची बारीक अक्षरं दुकानातच वाचत बसतो. त्याच्या शेजारी उभं राहिलं की आपल्याही हातातली पिशवी आपल्याला संशयास्पद दिसू लागते.

माझं नाशकात इंदिरानगरला गाड्यांच्या सुट्या भागांचं दुकान आहे. काका एकलहऱ्याच्या वीज केंद्रातून निवृत्त झालेले, माझ्या दुकानामागच्या गल्लीत राहायचे. घरापुढे एक जुनी डिझेल जीप. तिच्या काचेमागे बुद्धाची छोटी मूर्ती, आणि सीटखाली लोखंड कापायची करवत. ही करवत कशासाठी, ते पुढे येईलच.

ऑइल फिल्टरचं काम तसं साधं आहे. इंजिनात फिरणारं तेल गाळायचं, एवढंच. चहाचं गाळणं फाटलं तर कपात पत्ती येते; हा फाटला तर इंजिनच बसतं. त्यामुळे माणसाने थोडं बघून घ्यावं, हे मलाही मान्य आहे. पण थोडं म्हणजे किती?

कानानंतर नखाची पाळी यायची. उजव्या अंगठ्याचं नख त्यांनी त्यासाठी मुद्दाम वाढवलेलं होतं. फिल्टरच्या तोंडाशी रबराची रिंग असते. ती इंजिनाला घट्ट बसते म्हणून तेल बाहेर येत नाही. काका त्या रिंगेवर नख दाबायचे आणि पडलेली खळी भरून येते का ते बघत राहायचे. मग नाकाला लावून वास घ्यायचे. मग खोक्यावरची छपाई चष्मा वर करून वाचायचे. एवढं सगळं मनासारखं झालं की मान हलवायचे आणि म्हणायचे, "ठीक दिसतोय शेठ. पण असली आहे कशावरून?"

"काका, कंपनीच्या वितरकाकडून आलाय. बिल दाखवू?"

"बिल असली आहे कशावरून?"

मी चहा मागवायचो. चहाचाही ते आधी वास घ्यायचे.

आता करवतीचं सांगतो. काका एका वेळी एक फिल्टर कधीच घ्यायचे नाहीत. एकाच पेटीतून आलेले दोन घ्यायचे. एक तिथेच, दुकानाच्या पायरीवर बसून करवतीने कापायचे. आतला घड्या घातलेला कागद काढून उन्हात धरायचे, घड्या सारख्या आहेत का, डिंक नीट लागलाय का ते बघायचे. तो चांगला निघाला की दुसरा जीपला बसवायचा, अशी पद्धत. पण कापलेला चांगला निघाला की त्यांचा चेहरा आणखीनच पडायचा. "हा तर चांगला होता," ते हातातल्या अखंड फिल्टरकडे बघून म्हणायचे. "याचं काय?"

मी एकदा वैतागून म्हणालो, "मग तोही कापा."

"तोच तर घोळ आहे," ते म्हणाले. "कापला की कळतं. पण मग बसवायचा काय?"

गिऱ्हाइकांसमोर हा उद्योग चालायचा, तेव्हा माझं काय होत असेल, तुम्हीच सांगा. पायरीवर पोट फाडलेला फिल्टर आणि शेजारी कागदाच्या घड्या तपासणारे काका. नवीन माणूस दारातूनच मागे फिरायचा.

खरं सांगायचं तर सुरुवातीला मीच त्यांच्यावर संशय घेतला होता. शेजारच्या गॅरेजमध्ये जाऊन ते फिल्टरचे रिकामे खोके मागून न्यायचे. आमच्या धंद्यात रिकाम्या खोक्याला फार वाईट अर्थ आहे. असली खोका मिळाला की त्यात नकली माल भरून विकणारे लोक असतात, आणि त्यांना खोके पुरवणारे त्याहून साधे दिसणारे लोक असतात. मी गॅरेजवाल्याला विचारलं, तर तो म्हणाला, "नेईनात का, कचरा कमी होतो." माझं समाधान झालं नाही. एका दुपारी काका पिशवी भरून निघाले तेव्हा मी दुकान सोडून त्यांच्या मागे गेलो. ते घराच्या ओट्यावर बसले आणि एकेक खोका काढून चारही बाजूंनी टराटरा फाडायला लागले. फाडलेले तुकडे पाण्याच्या बादलीत बुडवायचे, लगदा होईपर्यंत.

मला बघून ते दचकले नाहीत. "खोका अख्खा टाकायचा नाही, शेठ," एवढंच म्हणाले. मग थोड्या वेळाने, "तुम्ही माझ्या मागे का आलात?"

त्या दिवसापासून आमचं जमलं, असं मी म्हणेन. दोन संशयी माणसांचं जमतं तसं.

प्रत्येक वेळी ते बरोबर असायचे असं नाही हं. एका कंपनीने खोक्याचा निळा रंग जरा गडद केला, तर काकांनी दुकानात सभा भरवली. जुना खोका, नवा खोका शेजारी ठेवून येईल त्याला दाखवत राहिले. मी वितरकाला फोन लावून तो त्यांच्या हातात दिला. कंपनीने रंग बदललाय, असं त्याने स्वतः सांगितलं. काकांनी शांतपणे ऐकून घेतलं, फोन परत दिला आणि मला विचारलं, "हा वितरकच बोलत होता कशावरून?"

आणि एकदा मी एका नव्या एजंटाकडून माल घेतला, तेव्हा काकांच्या नखाची खळी रिंगेवर तशीच राहिली. भरून आलीच नाही. आम्ही दोघं बघत बसलो. तो माल खरंच नकली होता की रबर नुसतं जुनं होतं, मला आजही सांगता येणार नाही. पण मी तो परत पाठवला, आणि त्या एजंटाने पुन्हा तोंड दाखवलं नाही, एवढं खरं.

काकांच्या पत्नी पेठ तालुक्यात डोंगरातल्या एका आरोग्य उपकेंद्रात नर्स. तिकडचा सगळा डोंगर त्यांना सिस्टर म्हणतो, म्हणून काकाही चारचौघांत म्हणायचे, "आमच्या सिस्टर." जीप होती ती त्यांच्यासाठीच. एकदा काकांना ताप होता म्हणून त्या स्वतः पंख्याचा पट्टा न्यायला दुकानात आल्या. मला चांगली संधी मिळाली. मी काकांबद्दलच्या सगळ्या तक्रारी एका दमात सांगून टाकल्या. त्या हसतील असं वाटलं होतं. हसल्या नाहीत.

"रागावू नका त्यांना, भाऊ," त्या म्हणाल्या आणि स्टुलावर बसल्या. "मागे एकदा वर डोंगरात लसीकरण होतं. सरकारी गाडी बंद पडलेली, म्हणून हे म्हणाले, मी सोडतो. फिल्टर नुकताच बदलला होता, नवा कोरा. घाट चढताना त्याची रिंग फुटली. तेल सगळं रस्त्यावर. तेलाचा लाल दिवा लागला तो यांनी पाहिला, पण वळणावर गाडी कशी थांबवणार, म्हणून पुढे घेतली. तेवढ्यात इंजिन जाम."

लसीचा डबा मांडीवर घेऊन त्या घाटात बसून राहिल्या. ऊन चढत गेलं, डब्यातला बर्फ वितळला. दुपार कलल्यावर एका ट्रकवाल्याने त्यांना दोघांना वर पोचवलं. तिथे पाड्यापाड्यांवरून बायका लेकरांना कडेवर घेऊन आलेल्या. पण गरम झालेली लस द्यायची नसते. सगळ्यांना परत पाठवलं.

"कोणी भांडलं पण नाही," सिस्टर म्हणाल्या. "एक म्हातारी फक्त यांना म्हणाली, लय लांबून आलो होतो बाबा. पुढच्या वेळी निम्म्या बायका आल्याच नाहीत. मी घरोघर हिंडले मग. पण यांच्या डोक्यातून ती म्हातारी काही गेली नाही. खोक्यावरचं नाव वाचून मी गप बसलो, असं म्हणत राहतात."

मी विचारलं, "तो फिल्टर कुठल्या दुकानातून घेतला होता?"

"ते त्यांनी मला कधीच सांगितलं नाही," त्या म्हणाल्या आणि पट्टा घेऊन गेल्या.

काकांचं माझ्याकडे येणं त्यानंतरच सुरू झालं होतं, की आधीही ते कधी आले होते? नाशकात शंभर दुकानं आहेत. मग सगळी सोडून माझ्याच पायरीवर ते करवत घेऊन का बसत होते? दुकान जवळ म्हणून, की आणखी कशासाठी? त्यांना विचारायचं धाडस मला झालं नाही. विचारलं असतं तरी, त्यांनी दिलेलं उत्तर खरं आहे कशावरून?

तेव्हापासून मला एकच हवं होतं. काकांनी एकदा, फक्त एकदा, माझ्या हातून न तपासता फिल्टर न्यावा. हसू नका. माणसाला कशाचं प्रमाणपत्र हवंसं वाटेल, सांगता येत नाही.

आणि एक दिवस तसं झालं. काका आले, एकच फिल्टर मागितला. मी खोका पुढे केला आणि सवयीने आजूबाजूच्यांना गप्प राहायची खूण केली. त्यांनी खोका उघडलाच नाही. तसाच पिशवीत टाकला.

"बघायचा नाही?" मी विचारलं.

ते काहीच बोलले नाहीत. मी जरा मोठ्याने पुन्हा विचारलं, तेव्हा म्हणाले, "तुम्ही दिलात ना. झालं मग."

मला इतका आनंद झाला की मी चहाबरोबर भजीही मागवली. त्या दिवशी त्यांनी चहाचा वास घेतला नाही, हे माझ्या लक्षात आलं; पण तेही मी माझ्याच खात्यावर जमा केलं. घरी जाऊन बायकोला सांगितलं. ती म्हणाली, "बरे आहेत ना ते?" मला तिचा राग आला.

नंतर काका दिसायचे कमी झाले. मग गेले. मी अंत्ययात्रेला गेलो होतो. येताना त्यांच्या ओट्यावर ती बादली पालथी घातलेली दिसली.

परवा सिस्टर दुकानात आल्या. जीप आता त्या स्वतः चालवतात. त्यांनी पिशवीतून एक खोका काढून काउंटरवर ठेवला. माझ्याच दुकानाची चिठ्ठी चिकटवलेला, न उघडलेला.

"हा त्यांच्या कपाटात होता," त्या म्हणाल्या. "मला बजावून ठेवलं होतं त्यांनी. हा बसवू नका, मी बघितलेला नाही."

मला वाईट वाटलं. खोटं कशाला सांगू, चांगलंच लागलं. "मग नेला कशाला?" मी म्हणालो. "तपासला असता इथेच. मी कधी नाही म्हटलं होतं?"

"कानाने ऐकू येईनासं झालं होतं, भाऊ. शुगरने बोटंही बधिर. कापायला करवत धरवत नव्हती. इथं सगळ्यांसमोर कानाशी धरला असता आणि तुम्ही विचारलं असतं, काय येतोय आवाज, तर काय सांगणार होते?" त्यांनी खोका माझ्याकडे सरकवला. "मी म्हटलं, दुसऱ्या दुकानातून घेऊ, तर नको म्हणाले. म्हणाले, शेठकडे द्या परत. माल कसाही असो, बघायचं त्याला आता जमेल. इतकी वर्षं माझ्यासोबत बघतोय."

मी खोका उघडला. फिल्टर हातात घेतला. रिंगेवर अंगठा दाबला, पण माझं नख आखूड आहे, खळी नीट पडली की नाही कळेना. वास घेतला. छपाई वाचली. सगळं ठीक दिसत होतं. सिस्टरनी हात पुढे केला आणि म्हणाल्या, "द्या मग. उद्या वर लसीकरण आहे."

मी फिल्टर दिला. त्यांनी तो न बघता पिशवीत टाकला, जय भीम म्हणाल्या आणि पायरी उतरल्या. इतकी वर्षं मला हेच हवं होतं. त्या जीपपर्यंत पोचायच्या आत मी काउंटरच्या बाहेर आलो होतो.

"ताई, थांबा," मी म्हणालो. "तो द्या जरा इकडे."

रस्त्यावर रिक्षांचा गोंगाट होता. मी फिल्टर कानाशी धरला, डोळे मिटले, आणि सगळ्यांना गप्प बसा म्हणून हात वर केला.