दत्तूच्या पुस्तकातलं पाटाचं पान

हे मी बायकोलासुद्धा सांगितलं नाही. ती गेली त्या दिवशीही नाही. तुम्हाला सांगतोय, कारण तुम्ही मला ओळखत नाही — आणि ओळखत असाल तर चुकीचं ओळखता.

तिसरीतून शाळा सोडली मी. सही येते, वाचायचं तर बोट ठेवून. पण गावात माझ्या शब्दाला वजन आहे. ते कुठनं आलं, तेच सांगायचंय. जरा थांबा, एकदम नाही निघत तोंडातून.

वाचनालयात पुण्याची माणसं आली होती. जुन्या पुस्तकांचे पानन्‌पान फोटो काढायचे, मोबाईलवर ठेवायचे, कुणीही फुकट वाचावं. त्यांना माझ्या धाकट्या भावाचं, दत्तूचं पुस्तक पाहिजे होतं. दत्तू मास्तर होता. लहानपणच्या आठवणी त्यानं पदरचे पैसे घालून छापल्या आणि तरणाच गेला. घरातल्या प्रती वाळवीनं खाल्ल्या, छापखाना बंद पडला. उरली वाचनालयातली एक. लेखक जाऊन साठ वर्षं होईपर्यंत हक्क वारसाचा, म्हणून सही लागत होती दत्तूच्या मुलीची, मंदाची. बाप गेला तेव्हा ती पाळण्यात. तिला त्याचा चेहरा आठवत नाही.

मंदा काय म्हणाली माहितीय? "नाना सांगतील ते. माझ्या बापाला त्यांनी पाण्यातनं काढलंय, त्यांच्या शब्दाबाहेर मी नाही."

आणि नाना — म्हणजे मीच — काय म्हणाले? भरल्या बैठकीत म्हणाले, "फुकट? उसाला भाव मागतो आमी, मग पुस्तकाला का न्हाई?" माणसं हसली, टाळ्या पडल्या. स्कॅनवाली पोरगी काकुळतीला आली. "आजोबा, यात आम्हालाही काही मिळत नाही. कागदाचा भुगा होतोय."

"हू दे. आमचा भुगा आमच्या घरात."

त्या दिवसापासून मी तत्त्वाचा माणूस झालो. भावाची अक्षरं फुकट जाऊ दिली नाहीत म्हणे. तत्त्व! मला एकच पान कुणी वाचायला नको होतं — पाटाचं.

तुम्हाला वाटलं असेल, दत्तूनं त्या पानावर माझी नाचक्की लिहिली. तसं असतं तर बरं झालं असतं. त्यानं लिहिलं होतं, "माझ्या थोरल्या भावानं पाटात उडी मारून मला काढलं."

मी उडी मारली नव्हती.

पाटाला धरणाचं आवर्तन सुटलं होतं, पाणी काठोकाठ. दत्तू नऊ वर्षांचा, पाय घसरून गेला. मी तेरा वर्षांचा. मी ओरडलोही नाही. मी उसात पळालो. पानं तोंडाला कापत होती तरी पळालो, मग खाली बसून कान झाकले. कान कशाला झाकले असतील? — त्याची हाक ऐकू येऊ नये म्हणून.

त्याला काढलं गयाबाईनं. पाथर्डीकडनं ऊसतोडीला आलेली बाई. उसाच्या फटीतनं मला दिसलं, तिनं डोक्यावरचा वाढ्यांचा, उसाच्या शेंड्यांचा, भारा टाकला आणि लुगड्यासकट उडी घेतली. दंड सोलला, बांगड्या फुटल्या. पोराला पालथं करून पाणी काढलं, श्वास आला. लांबून गावची माणसं पळत येताना दिसली, तेव्हा मी उसातनं बाहेर आलो. आणि — काठचं गवत धरून पाटात उतरलो. गळ्याइतका भिजलो.

ती बघत होती. "आता कशाला भिजतूस रं? पोरगं तर निघालं." हसली. तिचा मुकादम शिव्या घालत होता. भारा उचलला आणि पाणी गळत निघून गेली.

माणसं आली तेव्हा दत्तू माझ्या मांडीवर, अजून शुद्ध नाही, आणि मी निथळतोय. मी काही बोललोच नाही. नुसती मान खाली घातली. कपडे बोलले. टोळी दुसऱ्या दिवशी कोपरगावकडं हलली.

तिचा नातू आता मुकादम आहे. दर हंगामाला आमच्याच शिवारात कोपी, पाचटाची खोपटं, पडतात त्याच्या टोळीच्या. पुण्याची माणसं यायच्या आदल्या हंगामात चहाच्या टपरीवर म्हणाला, "बाबा, आमची आजी मरंस्तवर सांगायची, हितल्या पाटातून तिनं एक पोरगं काढलं. घरात कुनाला खरं वाटायचं न्हाई. तुमी जुनं मानूस, ठावं असंल."

"न्हाई बा. दुसऱ्या गावचं असंल."

"व्हय का," म्हणाला. माझ्या चहाचे पैसे त्यानंच दिले.

त्याच्या हातात मोबाईल होता. पुस्तक त्यावर आलं असतं तर आजीनं काढलेलं पोरगं कुणाचं, ते त्याला कळलं असतं. आता कळलं, मी भाव कशाला मागत होतो?

मंदा दोनदा आली. "नाना, देऊ का सही? पोरांना आजोबा वाचता येतील." दोन्ही वेळा मी नाही म्हणालो. एकदा तर रागावलो. माझं खोटं झाकण्यापायी भावाचं पुस्तक मरतंय, हे मला कळत नव्हतं असं नाही. रात्रंदिवस तेच कळत होतं.

मग दिवाळीच्या सुट्टीत वाचनालयाच्या स्लॅबवरची टाकी फुटली. पाणी कपाटात. आठवड्यानं कुलूप काढलं तर दत्तूच्या पुस्तकाची वीट झालेली, वरून बुरशी. मंदानं ती पदरात घालून आणली. पान सोडवायला गेली की लगदा हाताला येई. मी मात्र मनात म्हणालो, सुटलो. भावाचं सगळं बुडालं आणि मी म्हणालो, सुटलो.

ती मोबाईल माझ्यापुढं ठेवून बसली. "शाळेत असताना एकदाच वाचलं होतं, पुसट आठवतंय. तुम्ही तर तिथंच होता. तुम्ही सांगा, मी रेकॉर्ड करते."

मी सांगत गेलो. आईची चूल, खंड्या बैल, दत्तूचं तोतरं बोलणं. मंदा हसत होती, रडत होती. मग पाट आला. मी थांबलो. गयाबाईचं नाव जिभेवर आलं होतं. खरंच आलं होतं.

"मग, नाना?"

"मग काय — मी उडी मारली."

तिनं डोळे पुसले, बटण दाबलं, सगळ्या भावकीला पाठवलं. आता ते एकाच्या मोबाईलवरून दुसऱ्याच्या जातंय. दत्तूच्या पुस्तकातलं तेवढंच जगात उरलंय, माझ्या आवाजात.