निझव्यातले बर्फाचे टायर

टायरच्या दुकानात दोन गोष्टी आपोआप साठत जातात. मागच्या अंगणात जुने टायर आणि पुढच्या काउंटरवर किस्से. टायर न्यायला महिन्यातून एकदा ट्रक तरी येतो, किस्से कोणी नेत नाही! ओमानमध्ये निझव्याच्या दुकानात मी अकरा वर्षं फोरमन होतो, त्यामुळे माझा साठा बऱ्यापैकी आहे. पण चार मित्र जमले आणि कोणी "नाना, एक होऊन जाऊ दे" म्हटलं, की मला आधी ती लाल गाडीच आठवते.

•

गाडी मरियमची. मरियम म्हणजे आमचे जुने गिऱ्हाईक खल्फान मास्तर यांची मुलगी, डॉक्टर. तिला जर्मनीत डोंगरातल्या एका खेड्यात नोकरी लागली आणि ती पुढे गेलीही. पहिल्या पगारातून घेतलेली दोन सीटची सेकंडहँड स्पोर्ट्स कार मात्र तिला तिकडेही हवीच होती.

शाळेचे हेडमास्तर म्हणून रिटायर झालेले खल्फान ऐन ऑगस्टमध्ये दुकानात आले. बाहेर सेहेचाळीस डिग्री. म्हणाले, "बरफ का टायर मंगाओ."

मी समजावलं, "मास्तर, वो टायर जर्मनी से आएगा. गाडी भी जर्मनी जाएगा. उधर ही लगाओ ना!"

निझव्याच्या सुकात, म्हणजे बाजारात, आमच्यासारख्यांशी बोलून बोलून मास्तरांची हिंदी चांगली तयार झाली होती. ते म्हणाले, "उधर का आदमी बोल्ट कितना टाइट किया, मैं किधर देखेगा?"

जर्मनीचे टायर ओमानला आले, परत जर्मनीला जाण्यासाठी.

•

टायर आले त्या दिवशी सगळं दुकान भोवती जमलं. आमचा सगळ्यांत जुना फिटर भिवा, मालवणचा. त्याने रबर अंगठ्याने दाबलं आणि दचकून हात मागे घेतला.

"नाना, ह्यो टायर आसा की खरवस?"

आमच्याकडे टायर म्हणजे कडक. नाहीतर इथल्या डांबरावर महिनाभर टिकायचा नाही. काउंटरवरच्या वसईच्या फ्रान्सिसने सोबतचं पुस्तक वाचून जाहीर केलं, की हे टायर उन्हाळ्यात वापरू नयेत. झालं! चारही टायर एसी केबिनमध्ये गेले. तिथल्या सोफ्यावर त्यांना जागा दिली आणि गिऱ्हाइकं उन्हात उभी राहिली. एरवी चहाला बाहेर जाणारी माणसं दर अर्ध्या तासाने "टायर बघून येतो" म्हणून आत गारव्याला जाऊन बसू लागली.

बसवायच्या दिवशी भिवाने केबिनपासून जॅकपर्यंत ओली गोणपाटं अंथरली. टायरचा पाय तापलेल्या लादीला लागू नये म्हणून! खरं सांगायचं तर मला ते बरोबरच वाटलं.

•

आमच्यापैकी बर्फ पाहिलेला एकच माणूस होता, भिवा. तरुणपणी तो मालवणात बर्फाच्या कारखान्यात होता, मासळीच्या पेट्यांसाठी लाद्या फोडायला.

"बर्फात जल्म गेलो माझो!" तो मास्तरांना ऐटीत म्हणाला. फ्रान्सिसने हिंदी करून सांगितलं. मासळीचं तेवढं सांगायचं राहिलं.

मास्तरांनी भिवाचा हात दोन्ही हातांत घेतला. "अल्हमदुलिल्लाह! एक्सपर्ट है!"

त्या दिवसापासून दुकानात माझा शब्द खाली आणि भिवाचा वर.

•

गाडी सोहार बंदरापर्यंत रिकव्हरी ट्रकवर जायची होती. मी स्वतः चारही चाकांत छत्तीस पॉइंट हवा भरली, बोल्ट आवळले. ट्रक निघणार एवढ्यात भिवा म्हणाला, "गाऱ्हाणा घालूक होया."

मग हात जोडून भरल्या आवाजात त्याने सुरू केलं, "बा देवा म्हाराजा! आज ही गाडी परमुलखात चालली हा. थंय बर्फ आसा, घाट आसा. पोरीचा चाक घसरलाच, तर तू हात देऊन सावर रे म्हाराजा!"

आम्ही सगळे ओरडलो, "व्हय म्हाराजा!" फ्रान्सिस तर सगळ्यांत मोठ्याने.

मास्तरांनी विचारलं, "ये क्या बोला?"

फ्रान्सिस म्हणाला, "दुआ है मास्तर. पीछे सब लोग हाँ बोलता है."

मास्तरांनी मान डोलावली, आमच्याकडून ते दोन शब्द घोकून घेतले, पाण्याने भरलेले डोळे पुसले आणि ते आपल्या गाडीने ट्रकच्या मागोमाग सोहारला निघाले.

•

आता ऐका. चार दिवसांनी, गाडी बोटीत चढून बोट निघून गेल्यावर, चहा पिता पिता भिवा सहज म्हणाला, "नाना, हवेचा काम मी नीट केलंय हां."

"कसलं काम?"

"वाळयेत गाडी घालताना आपण हवा काढतंव मा? बर्फ म्हणजे थंड वाळूच! म्हणान मी चारय टायरांतली अर्धी हवा काढलंय."

दर गुरुवारी वाळूच्या टेकड्यांवर निघालेल्यांच्या गाड्यांची हवा कमी करून देणं हे भिवाचं ठरलेलं काम. पण ती जीप! ही जमिनीला टेकलेली स्पोर्ट्स कार, त्यात डोंगरातला घाट, त्यात गाडी जुनी, हवा कमी झाल्याचा दिवासुद्धा नाही. आणि चालवणारी मुलगी बर्फात पहिल्यांदाच!

मी भिवाला काय काय बोललो ते इथे लिहीत नाही. तो खाली मान घालून हळूच म्हणाला, "माजी पण पोर तेवढीच आसा, नाना." मग माझा राग कुठल्या कुठे गेला आणि नुसती भीती उरली.

•

मरियमचा नंबर आमच्याकडे नव्हता. मास्तरांना सांगणं भाग होतं. मी काही शूर माणूस नाही, पण गेलो.

ओमानी घरात आधी खजूर, मग कहवा, मग बोलणं. कप रिकामा झाला की हलवून परत द्यायचा, म्हणजे पुरे. माझं लक्ष ठिकाणावर नव्हतं. मी कप हलवायचा विसरत होतो आणि मास्तर ओतत होते. पाचव्या कपाला मी एका दमात सगळं बोलून टाकलं.

मास्तर शांतपणे उठले. कपाटातून हवा मोजायचा गेज काढून त्यांनी माझ्यासमोर ठेवला.

"सोहार में चेक किया. चारों में अठारह. मैं सोचा, एक्सपर्ट ने किया, कुछ सोच के किया होगा."

मी विचारलं, "फिर?"

"फिर छत्तीस भरा. मैं मास्तर है, नाना. एक्सपर्ट का पेपर भी चेक करता है!"

मला हसू फुटलं, रडूही फुटलं. इतकं हलकं मला त्या अकरा वर्षांत कधी वाटलं नव्हतं. सहावा कपही प्यायलो. दुकानात येऊन सांगितलं, तेव्हा भिवाने मास्तरांच्या घराच्या दिशेने हात जोडले.

•

नोव्हेंबरमध्ये एका दुपारी मास्तर फोन हातात धरून, घाईघाईने दुकानात आले. रात्रभर तिकडे पहिला बर्फ पडला होता आणि मरियमला सकाळी घाट उतरून हॉस्पिटलला जायचं होतं. तासभर तिचा फोन लागत नव्हता. मास्तर सोफ्यावर बसून जपमाळ ओढत होते. भिवा मशीन बंद करून दारात उभा.

मग फोन वाजला. मरियमचा व्हॉइस मेसेज होता, गाडीतूनच पाठवलेला. मास्तरांनी आवाज मोठा केला.

आधी नुसती चाकांखाली बर्फ दबल्याची करकर ऐकू आली. मग इंजिन बंद झालं. मरियमने एक लांब श्वास सोडला, अरबीत अल्लाचे आभार मानले आणि मग, आमच्यातल्या कोणालाही ती कधी भेटली नसताना, खणखणीत आवाजात ओरडली,

"व्हय म्हाराजा!"