गाडी बंद करू नका

चौकशीच्या खोलीबाहेरच्या बाकावर तडतड्या बसला होता. बसला होता म्हणजे धुमसत होता. आत त्याचे व्याही साक्ष देत होते. त्यांनी एकच वाक्य बोलायचं होतं: झेंड्याला आधी हात अधिकाऱ्यानं घातला. एवढं तोंडातून निघालं असतं तर तडतड्याचा पास वाचला असता. पास गेला की कुठल्याही सरकारी फाटकाच्या आत चाक घालता येत नाही, आणि वकिलातीच्या गाडीच्या ड्रायव्हरला फाटकाच्या आतच जाता येत नसेल, तर त्यानं काय रस्त्यावर गाडी पुसत बसायचं?

तडतड्या हे अर्थात त्याचं खरं नाव नव्हे. ड्रायव्हरांच्या खोलीनं त्याचं केलेलं बारसं ते. कुणी काही बोललं की हा गरम तेलातल्या मोहरीसारखा उडायचा. पण गाडीवर बसला की वेगळाच माणूस. मागच्या सीटवरच्या पेल्यातलं पाणी हलायचं नाही. मागच्या सीटवर बसायच्या त्या एका छोट्या देशाच्या राजदूत बाई. त्यांना इथली भाषा मोडकीतोडकी यायची, पण 'दादा' हा शब्द त्यांनी पहिल्या आठवड्यातच उचलला होता, आणि तो त्या अशा म्हणायच्या की याची तडतड जागच्या जागी शांत व्हायची.

व्याहीही ड्रायव्हर, पण बाईंच्या देशाला लागून असलेल्या मोठ्या देशाच्या वकिलातीत. गाडीही मोठी, पगारही मोठा, आणि स्वभाव असा की आग लागली तरी आधी विचारतील, 'कुणाच्या बाजूला लागलीय?' दोघांची ओळख ड्रायव्हरांच्या खोलीतली. पत्ते खेळता खेळता एकानं मुलीचं नाव काढलं, दुसऱ्यानं मुलाचं, आणि सोयरीक जमली. दोघांच्या वकिलातींचे देश तेव्हा गळ्यात गळे घालून होते. लग्नाला दोन्ही राजदूत एका रांगेत बसून जेवले होते. तो फोटो दोघांच्या घरात भिंतीवर आहे.

मग एका सकाळी मोठ्या देशाचे रणगाडे बाईंच्या देशात शिरले. कारण काय, तर म्हणे तिथल्या लोकांचं रक्षण. बाईंची आई सीमेजवळच्या गावात राहायची. त्या दिवशी बाई गाडीत बसल्या, फोन लावला, ठेवला, पुन्हा लावला. पुढं बघत तडतड्या गाडी चालवत राहिला. आरसा त्यानं थोडा वर फिरवून ठेवला. माणसाला रडताना कुणी बघू नये, एवढं त्याला कुणी शिकवलं नव्हतं, तरी कळत होतं.

त्यानंतर सुरू झाली दारोदार फिरती. शहरात जेवढ्या वकिलाती, जेवढी मंत्र्यांची दालनं, तेवढ्यांच्या पायऱ्या बाई चढल्या. पहिल्या दिवसांत काय थाट! गाडी थेट मुख्य पोर्चमध्ये, कॅमेरे, मिठ्या, 'आम्ही तुमच्या पाठीशी आहोत.' मग कॅमेरे आटले. गाडीला बाजूचं फाटक दाखवायला लागले. मग पहारेकरी खिडकीशी वाकून हळूच सांगायचा, "गाडी बंद करू नका." ड्रायव्हरच्या जातीला याचा अर्थ समजावून सांगावा लागत नाही. आत चहा मागवलेला नाही. बाई आत्ता गेल्या आणि आत्ता येणार. इंजिन गार व्हायच्या आत तुमचा देश ऐकून संपणार!

संध्याकाळी ड्रायव्हरांच्या खोलीत कुणीतरी हमखास विचारायचं, "काय तडतडे, आजची कमाई?"

"दोन निषेध, एक चिंता, आणि एका ठिकाणी नुसतं पाणी."

"चिंता साधी की तीव्र?"

"तीव्र. पण रणगाडे साधेच आहेत, त्यांना फरक कळत नाही."

सगळे हसायचे. व्याहीही हसायचे, पण दाराकडे बघून. त्यांच्या वकिलातीतलं कुणी ऐकत तर नाही ना!

तडतड्याला मात्र एक भरवसा होता. आपला देश. या शहराचं, या रस्त्यांचं सरकार. एके दिवशी बाई आपल्या परराष्ट्रमंत्र्यांना भेटून आल्या. मागच्या दारानं गेल्या होत्या, मागच्याच दारानं आल्या, पण चेहरा उजळलेला. गाडीत बसताच म्हणाल्या, "दादा, ते म्हणाले, हा हल्ला आहे हे लहान मूल पण सांगेल. सभेत ते हात वर करणार. आमच्यासाठी."

झालं! याची छाती गाडीच्या बॉनेटएवढी झाली. घरी येऊन बायकोला सांगितलं, शेजाऱ्याला सांगितलं, व्याह्यांना तर मुद्दाम फोन करून सांगितलं. "व्याही, आपला देश कुणाच्या बापाला भीत नाही, लिहून ठेवा!"

सगळ्या देशांची सभा याच शहरातल्या मोठ्या सभागृहात भरली. ठराव सरळ होता: हल्ला झाला आहे, सैन्य मागं घ्या. तळघरातल्या ड्रायव्हरांच्या खोलीत भिंतीवर टीव्ही. पत्ते बाजूला पडले. एकेका देशाचं नाव पुकारलं जात होतं. आपल्या देशाचं नाव आलं. आपले प्रतिनिधी उठले, कोट सारखा केला, आणि म्हणाले, "तटस्थ."

तडतड्याला वाटलं, आपण चुकीचं ऐकलं. मग प्रतिनिधी टीव्हीवर पुढं बोलायला लागले, दोन्ही बाजूंनी संयम पाळावा, चर्चेतून मार्ग काढावा, आणि याच्या कानशिलावरची शीर उडायला लागली.

"शहाणपणा केला," व्याही हळूच म्हणाले. "दोघांच्या भांडणात आपण कशाला पडायचं?"

"भांडण?" तडतड्या उभाच राहिला. "उद्या मी तुमच्या घरात शिरून तुमचं कपाट उचललं, तुमच्या थोबाडीत दिली, आणि तुम्ही ओरडलात, तर ते आपलं भांडण का हो?"

"तुम्ही लगेच घरावर येता."

"घरावरच आलेत ते, व्याही! बाईंच्या आईच्या घरावर!"

तेवढ्यात ध्वनिक्षेपकावरून गाड्या पुकारायला सुरुवात झाली. वर पोर्चच्या वळणावर बंदोबस्ताचा अधिकारी उभा होता. त्यानं तडतड्याची गाडी अडवली. "झेंडा काढ बॉनेटवरचा. आणि मागच्या फाटकानं जा. पुढं पत्रकार आहेत, उगाच तमाशा नको."

"झेंडा राजदूतांचा आहे. राजदूत गाडीत असताना तो उतरत नाही, असा तुमचाच नियम आहे."

"राजदूत अजून गाडीत कुठं आहेत?"

"मग घेऊन येतो की त्यांना," म्हणत यानं गाडी सरळ पोर्चमध्ये घातली. पायऱ्यांवर बाई एकट्या उभ्या होत्या. काल मिठ्या मारणारे चारी बाजूंनी असे निघून जात होते, जणू त्या खांबच आहेत. याच्या पाठोपाठ व्याह्यांची लांबलचक गाडी येऊन टेकली. त्यामागं आपल्या मंत्र्यांची. पोर्चमध्ये एकाच गाडीची वाट. तिथं कुणी कधी इंजिन बंद करत नाही, कुणी कधी केलेलं नाही.

तडतड्यानं किल्ली फिरवली. गाडी बंद.

मागं हॉर्न वाजायला लागले. अधिकारी धावत आला, काही न बोलता त्यानं झेंड्याची काठी धरली आणि ओढली. काठी मोडली, झेंडा खाली पडला. तडतड्या उतरला आणि त्यानं अधिकाऱ्याचं मनगट पकडलं. मारलं नाही. पकडलं. त्याच्या आयुष्यात इतका शांत राग त्याला कधी आला नव्हता. बाई पायऱ्या उतरून आल्या, वाकून त्यांनी स्वतः झेंडा उचलला, झटकला, घडी घालून मांडीवर घेऊन गाडीत बसल्या. "चला दादा," एवढंच म्हणाल्या.

अधिकाऱ्यानं वर कळवलं, ड्रायव्हरनं माझ्यावर हात टाकला. म्हणून ही चौकशी. बाईंनी स्वतःहून साक्ष द्यायची म्हटलं, तर 'त्या एका बाजूच्या आहेत' म्हणून घेतली नाही. पत्रकार मंत्र्यांभोवती गोळा झाले होते, गाड्यांच्या गर्दीत बाकी कुणाला दिसलं नव्हतं. दिसलं होतं ते फक्त मागच्या गाडीतल्या माणसाला. बंपरला बंपर लावून बसला होता तो!

चौकशीच्या खोलीचं दार उघडलं. व्याही चष्मा पुसत बाहेर आले.

"काय सांगितलंत?"

"म्हटलं, माझं लक्ष आरशात होतं. मागं मंत्र्यांची गाडी होती ना." मग आवाज खाली आणून, "मी कुणाच्याच विरुद्ध गेलो नाही, व्याही. तुमच्याही नाही."

थोड्या वेळानं कारकुनानं निकाल वाचून दाखवला. झटापट झाली. आधी कोणी सुरुवात केली हे ठरवता येत नाही. दोन्ही बाजूंनी संयम पाळायला हवा होता. अधिकाऱ्याला समज देण्यात येत आहे. ड्रायव्हरचा पास रद्द.

"वा!" तडतड्या म्हणाला. "टीव्हीवर ऐकलं होतं मी हे. तुम्ही सगळे एकाच शाळेत होता काय?"

रविवारी व्याही घरी आले. हातात सफरचंदांची पिशवी, बरोबर सून, म्हणजे तडतड्याची मुलगी. बायकोनं दारातच नवऱ्याला डोळ्यांनी दटावलं. आदल्या दिवसापासून ती हेच सांगत होती, "अहो, पोर त्यांच्या घरात आहे. तोंडाला कुलूप घाला." आणि या माणसानं, ज्यानं मंत्र्यांच्या गाडीची वाट अडवली, त्यानं खरंच दातावर दात दाबून चहा पुढं केला. चहा देताना त्याला कळलं की लहान देश कसे गप्प बसतात. पोर त्यांच्या घरात असते.

"फार वाईट वाटलं मला," व्याही म्हणाले. "रात्रभर झोप नाही. विहीणबाई, खरं सांगतो, घास उतरत नाही."

"चिंता वाटली असेल," तडतड्या म्हणाला. "तीव्र."

"अहो," बायको म्हणाली.

मुलगी इतका वेळ भिंतीवरचा लग्नाचा फोटो बघत होती. ती वळली. "मामंजी, झेंड्याला आधी हात कुणी घातला?"

"सूनबाई, आता झालं गेलं..."

"मी सोपं विचारतेय. कुणी?"

व्याह्यांनी कप खाली ठेवला. विहिणीकडे बघितलं, दाराकडे बघितलं. "त्या अधिकाऱ्यानं," ते पुटपुटले. "ओढलाच की. मी काय आंधळा आहे? तुझ्या बाबांनी नुसता हात धरला."

"मग उद्या तिथं जाऊन सांगा! फेरचौकशी मागता येते," तडतड्या ओरडला.

"घरात सांगितलं ना तुम्हाला! मनानं मी तुमच्याच बाजूचा आहे."

"घरात सगळेच सांगतात हो! मंत्र्यांनी बाईंना दार लावून हेच सांगितलं. सगळ्या जगाला ठाऊक आहे कुणी कुणाला मारलं, फक्त दार उघडं असलं की कुणाला आठवत नाही! मनातल्या बाजूचं लोणचं घालू का मी?" त्यानं सफरचंदांची पिशवी उचलून व्याह्यांच्या हातात दिली. "हे परत न्या. तिथं बोलून आलात की घेऊन या, सालीसकट खाईन."

बायकोनं कपाळावर हात मारला. व्याही उठले, चप्पल शोधायला लागले. तडतड्याचं सगळं धाडस तेव्हा संपलं. त्यानं मुलीकडे बघितलं आणि म्हणाला, "पोरी, तू राहा हवं तर इथं. माझ्यामुळं तुला तिकडं..."

"मी कशाला राहू?" मुलगी पदर खोचत म्हणाली. "मी जाते यांच्याबरोबर. रोज ताट वाढताना विचारणार आहे, मामंजी, झेंड्याला आधी हात कुणी घातला? जोवर तिथं जाऊन सांगत नाहीत, तोवर रोज. त्या घराचा माझा पास कुणी रद्द करू शकत नाही."

व्याही हातात पिशवी घेऊन तिच्या मागोमाग निघाले. जिन्यावरून त्यांचा आवाज आला, "सूनबाई, जेवताना तरी नको..."

ते अजून तिथं गेलेले नाहीत. वाळत मात्र चाललेत, असं मुलगी फोनवर सांगते.

तडतड्या आता भाजीचा टेंपो चालवतो. गेल्या सोमवारी बाईंना पुन्हा परराष्ट्रमंत्र्यांकडे जायचं होतं. त्यांच्या देशातून पैसे यायचे थांबले, गाडी विकावी लागली. "दादा, मी चालत जाईन," म्हणाल्या. यानं ऐकलं नाही. पुढची सीट ओल्या फडक्यानं पुसली, मोडकी काठी तारेनं बांधून झेंडा आरशाला लावला, आणि मागं कोबीची पोती घेऊन टेंपो मुख्य फाटकासमोर आणून उभा केला. फाटकाच्या आत नाही. बाहेर, सार्वजनिक रस्त्यावर. तिथं पास लागत नाही.

बाई उतरल्या आणि आत गेल्या. पहारेकरी धावत आला. "ए, गाडी बंद करू नको! लगेच काढायचीय!"

तडतड्यानं किल्ली फिरवली, काढली, शर्टाच्या खिशात टाकली, आणि वरून बटण लावलं.

"त्यांचं बोलणं होऊ दे," तो म्हणाला. "पूर्ण."