अल्बर्टच्या हॉलमधला स्वीडिश बँड

शारजात मी माझ्या मुलाकडे, उपेंद्रकडे, राहायचो; आमच्या खालच्याच मजल्यावर अल्बर्टचं घर. मूळचा वसईचा. दुबईतल्या एका हॉटेलच्या लाउंजमध्ये तो साउंड सांभाळायचा. माझं आयुष्य संगीत नाटकांत गेलेलं, त्यामुळे आमचं लगेच जमलं. रंगमंचावरच्या राजांपेक्षा त्यांचे मुकुट सांभाळणारी माणसं मला नेहमीच जास्त आवडत आली आहेत.

सत्त्याण्णवच्या जानेवारीत रमजान लागला आणि लाउंजमधलं गाणंबजावणं महिनाभर बंद झालं. तिथे तेव्हा चार स्वीडिश पोरं होती. लीना गायची, तिघे मुलगे वाजवायचे. बँडला अजून नावही नव्हतं; बाहेरच्या पाटीवर नुसतं ‘स्वीडिश बँड’. गिऱ्हाईक मागेल ते दुसऱ्याचं गाणं वाजवायचं, एवढंच काम. कार्यक्रम नाही म्हणून मॅनेजरने ईदपर्यंत त्यांच्या खोल्याही काढून घेतल्या. आता घरी परतलो तर बँड मोडलाच, असं ड्रमवाला ऑस्कर म्हणाला. वडील लाकडाच्या वखारीत त्याची वाटच बघत होते. अल्बर्ट चौघांना सरळ आपल्या घरी घेऊन आला.

आमची बिल्डिंग फक्त फॅमिलीवाल्यांची. सडे पुरुष ठेवायला मनाई, आणि नात्यातली नसलेली पोरगी आणि पोरं एका घरात म्हणजे तर विचारूच नका. कळलं की घर गेलं. आणि अल्बर्टची बायको ॲडेलिन हिचा त्या घरात जीव. तिचं क्लिनिक आणि मुलीची, कॅमिलाची, शाळा, दोन्ही पायी जाण्यासारखं.

“वॉचमनला सांगतो, माझे भाचे आहेत,” अल्बर्ट म्हणाला.

“भाचे? तुझ्या खानदानात इतका गोरा फक्त आपला फ्रिज आहे!”

लीना ॲडेलिन-कॅमिलाबरोबर आत झोपायची, मुलगे हॉलमध्ये. आवाज बाहेर जाऊ नये म्हणून अल्बर्टने ॲम्प्लिफायर कपाटात बंद केले. ऑस्कर लाकडी डाव घेऊन गादीवर ताल धरायचा.

“ममा, ही इज हिटिंग माय मॅट्रेस!”

“मारू दे. गादी तक्रार करत नाही, शेजारी करतात.”

दुपारी मी खाली जाऊन बसायचो. फर्माईश करणारं कुणी नव्हतं, म्हणून ती पोरं पहिल्यांदाच स्वतःची गाणी करायला लागली. लीना हळू आवाजात एक ओळ म्हणायची, दुसरा मान हलवायचा, तिसरा रुसून बाल्कनीत जायचा, मग पुन्हा पहिल्यापासून. भाषा मला कळत नव्हती, पण तालीम कळत होती. बघता बघता तीन गाणी उभी राहिली.

मग एक दिवस लीनाने चौघांच्या जीन्स धुऊन बाल्कनीतल्या दोरीवर ओळीने वाळत घातल्या. कुणीतरी जाऊन सांगितलं. घरमालकाचा एजंट आला. इजिप्तचा, अगदी सभ्य माणूस. “आज इनको निकालो, घर तुम्हारा. नहीं तो ईद के बाद चाबी दे दो.”

मी मध्ये पडलो. नाटकातल्या दरबारातला ठेवणीतला आवाज काढून पाहुणचारावर हिंदीत बोललो. त्याने शेवटपर्यंत शांतपणे ऐकून घेतलं.

“बहुत अच्छा, बाबा,” तो म्हणाला. “खलास?”

संध्याकाळी ऑस्कर बॅग भरायला लागला. अल्बर्ट खाली मान घालून बसला होता. शेवटी तो म्हणाला, “ॲडेलिन, तू सांग. पायी जाणं तुझं सुटणार आहे.”

तिने उठून ऑस्करच्या हातातून बॅग काढून घेतली.

“शाळेला बस असते,” ती म्हणाली.

ईदनंतर बँड लाउंजमध्ये परतला. लोकांच्या फर्माईशींच्या मधे आता आपली तीन गाणी घुसडायला लागला. करार संपल्यावर चौघं एकत्रच स्वीडनला गेले. पुढे तिकडे त्यांचं बरं चाललं म्हणतात; इकडे कुणाला त्याचा पत्ता नाही. अल्बर्ट अजमानला राहायला गेला आणि रोज दोन्ही वेळा ट्रॅफिकमध्ये अडकायला लागला. त्याबद्दल तो शिव्या द्यायचा त्या गाड्यांना, पोरांना कधीच नाही.

नवीन घराच्या करारावर सही करायला मीही बरोबर गेलो होतो. पेन उचलता उचलता अल्बर्टने तिथल्या एजंटला विचारलं, “मेहमान चलेगा?”

“कितने?”

“चार,” अल्बर्ट म्हणाला.

ॲडेलिनने त्याच्या हातातलं पेन काढून घेतलं. “दो,” ती म्हणाली, आणि मग थोडं थांबून, “तीन.”